कोचकोर नव्हे, कोचकू

माझ्या थोरल्या दिराचं नाव सोवेतबेक. आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरल्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. दिराचं नाही, सासऱ्याचं नाही, सासऱ्याच्या आजाचंही नाही. नुसतं नावच नव्हे, नावासारखा शब्द तोंडावर आला तर तोही गिळायचा आणि दुसरा शोधायचा. दिराचं नाव 'लांडगा' असेल तर सून लांडग्याला 'तो केकाटणारा' म्हणणार. एकतीस वर्षं मी हे नेमानं केलं. पण आता जे सांगायचंय ते नावं घेतल्याशिवाय सांगताच येत नाही. तेव्हा घेते. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

मी सेयिलकान, उच-बुलाक गावची वायरमन. आधी नवरा होता वायरमन. तो बारा वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला, आणि त्याचे खांबावर चढायचे लोखंडी आकडे घरात गंजत पडलेले बघवेनात, म्हणून मी ते पायात चढवले. गावानं नाकं मुरडली. पहिल्याच हिवाळ्यात तुटलेली तार मी जोडली, घरोघरचे टीव्ही सुरू झाले, आणि मुरडलेली नाकं आपोआप सरळ झाली.

आमची वीज येते खालून, खोऱ्यातून, चाळीस किलोमीटरवरून. पूर्वी बर्फ पिठासारखा कोरडा पडायचा आणि तारेवरून घसरून जायचा. हल्ली ऐन फेब्रुवारीत पाऊस येतो, त्यावर कडाक्याची थंडी, आणि तार मनगटाएवढी जाड होते. मग खांब एकामागून एक आडवे. एका वर्षी तर अकरा दिवस वीज नव्हती. पंप बंद, म्हणून बायका नदीतला बर्फ फोडून पाणी भरत होत्या. दवाखान्यातल्या लसी डॉक्टरीणबाईंनी बर्फात पुरून ठेवल्या, त्या गोठल्या आणि सगळ्या फेकाव्या लागल्या. दोन महिन्यांच्या गोवऱ्या गावानं अकरा दिवसांत जाळल्या.

म्हणून बदलत्या हवामानासाठी काढलेल्या कुठल्याशा निधीतून आमच्या ओढ्यावर छोटं वीजघर बांधून मिळणार, निम्मं काम गावानं अंगमेहनतीनं करायचं, असं कळलं तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मलाच वीजघराची वैरीण म्हणाले.

इंजिनियर राजधानीतून, बिश्केकहून आला. इलगिझ नाव, तिशीतला, थंडीनं कान कायम लाल. पोरगा कामाचा होता. आधी पाहुणचार मग काम, असं त्याचं नव्हतं. तीन दिवस ओढ्याच्या काठानं वरखाली करून त्यानं जागा ठरवली, आक-कोचकोर नावाच्या उताराच्या पायथ्याशी. तिथं पाणी सरळ उडी घेतं, पाइप आखूड लागतो, रस्ताही जवळ. कागदावर बघाल तर त्याहून चांगली जागा नाही.

आक म्हणजे पांढरा, कोचकोर म्हणजे एडका. त्या उताराच्या बाजूला एका टेकाडावर सिमेंटचा मोठा एडका उभा आहे. सामूहिक शेतीच्या काळात बसवलेला. तेव्हा सोवेतबेक नऊ वर्षांचा होता आणि एडक्याच्या शिंगांना पहिला रंग त्यानं लावला होता. हे तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आता तो गावचा प्रमुख आहे, त्यामुळे पाहुण्यांना ऐकावंही लागतं. दर वसंतात शाळेची मुलं एडक्याला चुना लावतात, नवरा-नवरी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. नकाशावर आक-कोचकोर, शाळेच्या गाण्यात आक-कोचकोर.

फक्त एका ठिकाणी ते नाव वेगळं होतं, आणि तिथं पुरुष नसतात.

आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात लोकरी तंबू उभारतात. आत घरच्या बायका बसतात, दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड, कमरेवर हात, आणि गेलेल्या माणसासाठी गाऊन रडतात. त्याला कोशोक म्हणतात. पुरुष बाहेर काठीवर रेलून हंबरडा फोडतात, आणि तो इतक्या मोठ्यानं, की आतलं एक अक्षर त्यांच्या कानांत शिरत नाही. नव्या मेलेल्याचं गाऊन झालं की जुन्यांचीही आठवण निघते. माझी सासू कालीयमान आपा तेव्हा हमखास एक जुना कोशोक म्हणायची. तो तिच्या नणंदेनं, म्हणजे सोवेतबेकच्या आत्यानं, स्वतःच्या बापासाठी रचलेला. कोशोकातला शब्द रचणारीचा, तो म्हणणाऱ्या सुनेनंही वाकवायचा नसतो. त्यात जागेचं नाव येतं ते आक-कोचकू. कोचकू म्हणजे डोंगरावरून सुटून खाली येणारा बर्फाचा लोंढा. माणसं, घोडे, घरं, काही ठेवत नाही.

शब्दाच्या शेपटाचा फरक. नकाशा काढायला आलेल्या रशियन माणसाच्या कानाला आमचा तो स्वर सापडला नसणार, त्यानं आपल्या ओळखीचा शब्द लिहिला. गाव वसलं ते त्यानंतर. तीन ठिकाणची माणसं ट्रकांत घालून इथं आणली. नकाशा आधी आला, माणसं मागून, आणि माणसांनी नकाशावर विश्वास ठेवून एडका बांधला. मूळचं इथलं घर आमचं एकच.

तुम्ही विचाराल, मग एवढी वर्षं गप्प का बसलीस? बसले, कारण तिथं काही नव्हतंच. आता तिथं एक घर उभं राहणार होतं, आणि त्यात सगळा हिवाळा यंत्रापाशी कुणीतरी बसून राहणार होतं. त्या कुणीतरीचं नाव कागदावर आधीच लिहिलेलं होतं. ते माझं होतं.

मी इलगिझला जागेवरच गाठलं. सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हसला नाही. म्हणाला, हिमस्खलनांची सरकारी नोंदवही त्यानं मागवून पाहिली होती, साठ वर्षांत या उतारावर एकही नोंद नाही.

"त्याच्या आधीचं?" मी विचारलं.

"आधीची वहीच नाहीये, एजे," तो म्हणाला. एजे म्हणजे ताई.

"आहे. ती गायची असते."

त्यानं मान वर करून उतार पुन्हा नजरेनं मोजला. मग म्हणाला की उतार वाईट आहे हे त्यालाही दिसतं, आणि अलीकडे ओल्या बर्फाचा भरवसा उरलेला नाही, हेही खरं. पण जागा बदलायची तर जुन्या पाणचक्कीपाशी न्यावी लागेल. ती खडकाच्या आडोशाला आहे, पण कालवा चारशे मीटर लांब होईल, आणि मंजूर आराखड्यात ते बसत नाही. कारण म्हणून काहीतरी दाखवावं लागेल. "आणि एजे, गाणं फाइलला लावता येत नाही."

शुक्रवारी शाळेच्या व्यायामशाळेत बैठक होती. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत तर वीजघर दुसऱ्या गावाला जाणार होतं. गुरुवारी मी सासूकडे गेले. ती तेव्हा ब्याऐंशीची, डोळ्यांनी अधू, पण जीभ शाबूत. तिच्याकडून मी तो कोशोक शब्द न् शब्द पुन्हा म्हणून घेतला. एका ओळीपाशी मी तिला थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. तेवढ्यावरून तिला वास लागला.

"हे तू बाहेर म्हणणार आहेस?"

"उद्या, बैठकीत."

"घरात मढं नसताना कोशोक म्हणत नाहीत. कुणाचं मरण मागतेस तू?"

"मागत नाही, आपा. माझं टाळतेय."

तिनं रिकामी वाटी पुढे केली. मग चहा ओत म्हणाली. होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, आणि सासूकडून मला तेवढं पुष्कळ होतं.

बैठकीला सगळं गाव होतं. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे जिम्नॅस्टिकच्या गाद्यांवर बायका. सोवेतबेकच्या शेजारी मौलवी अब्दिकार. हे मौलवी पाच-सहा वर्षांपूर्वी आले आणि आल्या आल्या त्यांनी सांगितलं की मोठ्यानं रडणं, कोशोक म्हणणं धर्मात बसत नाही, मेलेल्याला त्याचा त्रास होतो. तेव्हापासून गावात बायका मयताला कुजबुजत गातात. माणूस बरा आहे, वाईट नाही. पण मला विचाराल तर मेलेल्यांचं त्यांना जास्त कळतं, बायकांचं कमी.

इलगिझनं आराखडा सांगितला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की ती जागा कोचकोर नव्हे, कोचकू आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायका तिला तसंच म्हणत आल्या आहेत, आणि उगाच नाही.

सोवेतबेक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि इंजिनियरकडे वळून समजावणीच्या सुरात बोलू लागला. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोचकोरबाय, त्याचे पणजोबा. घरच्या सुनांना ते नाव घ्यायची बंदी. "म्हणजे कोचकोर हा शब्दच त्यांना बंद. खऱ्या एडक्यालाही त्या 'शिंगवाला' म्हणायच्या. मग जागेचं नाव कसं घेणार? जीभ वळवून कोचकू म्हणाल्या. बायकांची लाज ती, इलगिझ, तिचं तुम्ही हिमस्खलन करू नका."

व्यायामशाळा हसली. मागच्या बायकाही हसल्या, आणि ते मला जास्त लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. आमच्या घरातल्या सुना शब्द वाकवतात, मी स्वतः वाकवलेत. इलगिझनं मान खाली घातली आणि पेनचं टोपण काढलं.

"बस, केलिन," सोवेतबेक म्हणाला. सुनेला आम्ही केलिन म्हणतो. "बोललीस ना? आता बस."

मी बसले नाही. मी सगळ्या गावाकडे पाठ केली. समोर भिंतीवर व्यायामाच्या शिड्या होत्या, त्यांच्याकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले. एवढ्यावरूनच मागं काय ते कळलं. बायकांमध्ये कुणीतरी 'नको गं' म्हणालं, मौलवींची खुर्ची सरकली. आणि मी म्हटलं:

सात घोडे वर गेले, एक खोगीर खाली आलं,
आक-कोचकू, माझ्या बापाला कुठं नेलं?
कोचकोरबायची नात मी, मोठ्या घरची लेक,
कोचकूनं पोरकी केली, हिवाळ्याची सकाळ एक.

पुढे आणखी चार कडवी आहेत. बर्फाचा रंग, कुत्रं कुठं उकरत होतं, वसंतात कुठल्या खडकापाशी काय सापडलं, सगळं. मी सगळी म्हटली. मधे कुणी थांबवलं नाही. मौलवींनीही नाही.

मग मी सोवेतबेककडे वळले. थोरल्या पुरुषाला आम्ही आका म्हणतो.

"आका, सुनेचा शब्द असता तर सून 'कोचकोरबाय' असं म्हणाली असती?"

त्यानं मांडीवरची टोपी हातात घेतली.

"हे तुमच्या आत्यानं रचलंय. घरच्या लेकीनं. लेकीला कसली बंदी? तिनं आजोबांचं नाव घेतलं आणि त्याच दमात कोचकूही म्हणाली. दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत. तिला दोन्ही येत होते."

इलगिझनं टोपण परत पेनला लावलं.

सोवेतबेक माझ्याकडे बघत होता, पण मला बघत नव्हता. "आजोबांना सरकारनं नेलं होतं," तो हळूच म्हणाला. "सदतीस साली. वडील सांगायचे."

मला हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. त्या धरपकडीच्या सालात जो माणूस दिसेनासा झाला त्याला सरकारनंच नेलं असं धरून चालायचे, आणि मग कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणूनच तर माझ्या सासऱ्यानं थोरल्या मुलाचं नाव सोव्हिएत सरकारवरून सोवेतबेक ठेवलं, घरावरचा डाग पुसायला. आणि त्या घरातल्या बायका अंगणातल्या तंबूत दरवेळी खरी गोष्ट गात होत्या, मोठ्यानं, आणि हा माणूस दहा पावलांवर काठीला रेलून रडत होता.

"तुमचे वडील तेव्हा पाळण्यात होते, आका," मी म्हणाले. माझा आवाज खाली आला होता. "आत्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या तिथं होत्या."

तो उठला, टोपी घातली आणि दारापर्यंत गेला. तिथून इंजिनियरला विचारलं, जागा बदलायची तर काय लागेल. इलगिझनं सांगितलं, चारशे मीटर जादा कालवा, गावानं ऑक्टोबरच्या आत खणून दिला तर बाकीचं तो वर भांडून मिळवील. आणि गाणं एकदा फोनवर रेकॉर्ड करून हवं, बघू फाइलला कसं लागत नाही ते.

"ज्यांना गाणं कळतं त्यांनी खणावं," सोवेतबेक म्हणाला आणि निघून गेला.

टोमणा होता तो. आम्ही तो शब्दशः घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणचक्कीपाशी एकोणीस बायका कुदळी घेऊन आल्या, त्यात आदल्या दिवशी हसलेल्याही होत्या. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना कुदळ धरता येत नव्हती तरी आल्या. तेवीस दिवस आम्ही खणलं. जमीन नुसती धोंड्यांची. हात फुटले, पाठी गेल्या, चहा-पावावर दिवस काढले. पाचव्या दिवसापासून पुरुष यायला लागले, कारण घरी भाकरी भाजायला कुणी उरलं नव्हतं आणि बायका आल्याशिवाय भाजणारही नव्हत्या. सोवेतबेक आला नाही.

नोव्हेंबरात वीजघर सुरू झालं. यंत्र थोडी कमी वीज देतं, जागा बदलल्याची ती किंमत. पण त्या हिवाळ्यात खोऱ्यातली तार दोनदा पडली, एकदा पाच दिवस, एकदा नऊ, आणि आमचे दिवे हलले नाहीत. पंप चालू, दवाखान्यातला फ्रिज चालू. मी पाणचक्कीपाशी यंत्राजवळ बसून मोजे विणत होते.

आणि कोचकू? ती आलीच नाही. त्या हिवाळ्यात नाही, पुढच्याही नाही. उतार शांत, एडका जागेवर, त्याच्या नाकाला चुना. दुकानात, रस्त्यात, लग्नात, जिथं भेटतील तिथं लोक विचारायचे, काय सेयिलकान, तुझी कोचकू कुठं अडकली? चारशे मीटर खणायला लावलंस ते कशासाठी? एकदा सोवेतबेकनंच विचारलं, चारचौघांत.

"मी तिला बोलावलं नव्हतं, आका," मी म्हणाले. "तिच्या वाटेत बसले नाही, एवढंच. तिला यायला अजून शंभर वर्षं लागू देत. दिवा तोवरही लागेल."

लोक हसले. पण खरं सांगते, मला ते जड जायचं. जे घडलं नाही ते दाखवायचं कसं? कधीकधी उताराकडे बघून मनात यायचं, ये बाई एकदाची, कुणी नसताना ये. मग स्वतःचीच लाज वाटायची.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर एप्रिलात कालीयमान आपा गेली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. तरी दोघीतिघी म्हणाल्याच, मढं नसताना गायली ना ही, बघा. मी कानाआड केलं.

अंगणात तंबू उभारला. आम्ही आत बसलो, दाराकडे पाठ करून. माझ्या डाव्या हाताला आपाची धाकटी लेक, उजव्या हाताला जावा. बाहेर मौलवींचा आवाज येत होता, ते कुणालातरी समजावत होते. आम्ही हळू आवाजात सुरू केलं, आता रीतच तशी पडली होती. आपाचं गायलो, मग जुन्यांचं आलं. सात घोडे वर गेले, इथपर्यंत आलो आणि माझ्या लक्षात आलं की बाहेर कुणी रडत नाहीये.

मागं दाराचा पडदा उचलल्याचा आवाज झाला. पुरुष आत येत नाहीत. मी वळून बघितलं नाही, वळायचं नसतं. पण काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज मी ओळखला.

"केलिन," सोवेतबेक म्हणाला. "मोठ्यानं म्हणा गं. बाहेर ऐकू येत नाहीये."

मौलवी बाहेर काहीतरी बोलले, मग थांबले. पडदा त्यानं सोडला नाही, हातानं वर धरून ठेवला.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मोठ्यानं.